वासापुरती वाइन

इंटर्नशिपच्या अहवालात ‘मार्गदर्शकाचे नाव व हुद्दा’ असा एक रकाना असतो. तिथे मी रॉड्रिक्स सरांचं नाव लिहिलं. हॉटेलच्या खाण्यापिण्याच्या सगळ्या विभागाचे ते मॅनेजर, आणि सही त्यांचीच लागते. त्यात खोटं काही नव्हतं. पण सहा महिने मी शिकले ते वानखेडे काकांकडून, आणि त्यांना त्या अहवालात जागा नव्हती. म्हणून हे वेगळं लिहिते आहे. मला अशा लिहिण्याची सवय नाही. कुठे जास्त झालं किंवा कमी पडलं तर तो माझा दोष.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वाशिमजवळच्या आमच्या गावात हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे काय, हे कुणाला नीट सांगता येत नाही. माझे वडील ‘ती हॉटेलाचं मोठं शिक्षण घेते’ असं सांगतात. तिसऱ्या वर्षी कॉलेजने बहरीनला पाठवलं. झल्लाकच्या किनाऱ्यावरचं रिसॉर्ट होतं, आणि माझी नेमणूक तिथल्या स्पॅनिश रेस्तराँमध्ये झाली. मी घरी फोनवर फक्त ‘जेवणाच्या विभागात’ एवढंच सांगितलं. वाइनचं कपाट बारा फूट उंच होतं आणि त्याच्या किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या, त्यांच्या हाताखाली मला दिलं होतं, हे सांगितलं नाही.

त्या किल्ल्या वानखेडे काकांकडे होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने बारीक, केस मागे चापून बसवलेले. काळ्या जाकिटाच्या खिशात कॉर्कस्क्रू आणि पोस्टकार्डाएवढी एक वही. पहिल्या दिवशी मी ‘सर’ म्हटलं तर त्यांनी ऑफिसच्या दाराकडे बोट दाखवलं. सर तिकडे बसतात, इथे काका म्हण, असं शुद्ध भाषेत सांगितलं. मग गाव विचारलं. वाशिम म्हटल्याबरोबर त्यांची भाषा बदलली. ते मूर्तिजापूरकडचे.

त्यांनी एका ग्लासात तळाला जेमतेम बोटभर लाल वाइन ओतली आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला.

“घे. प्यायची नाही, हुंग. काय येतं?”

मी पुस्तकातलं आठवून ‘फ्रूटी’ असं काहीतरी म्हटलं.

“कोणतं फ्रूट? तुह्या गावात भेटते का ते?”

मी परत हुंगलं. शेवटी घाबरत घाबरत म्हटलं, पितळी डब्यात ठेवलेल्या सुक्या खोबऱ्यासारखं काहीतरी येतंय. काका हसले नाहीत. त्यांनी खिशातली वही काढली, एक पान उघडून मला दाखवलं. तिथे त्या वाइनच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘सुकं खोबरं. नव्या चपलेचं चामडं. शेवटी तंबाखूची पिशवी.’ मग त्यांनी खोबऱ्यापुढे एक बारीक टिक केली. ही वाइन ज्या पिंपात मुरते ते पिंप अमेरिकेतल्या ओकचं असतं, आणि खोबरं त्या लाकडातून येतं, असं त्यांनी समजावलं. मला आयुष्यात कुठल्याही परीक्षेत इतका आनंद झाला नव्हता.

त्यांनी स्वतः त्या ग्लासाला ओठ लावला नाही. उरलेली वाइन मोरीत ओतली. मला वाटलं, ड्यूटीवर पीत नसतील. आठवडाभराने बारमधल्या बिनॉयने सांगितलं की काका कधीच पीत नाहीत. चौदा वर्षं वाइनच्या कपाटाच्या किल्ल्या कमरेला आणि थेंबसुद्धा कधी जिभेवर नाही. बिनॉय केरळचा, चाळीशीचा, सगळ्यांची टिंगल करणारा. तो काकांना ‘ड्राय डॉक’, म्हणजे पाणी काढून टाकलेली कोरडी गोदी, म्हणायचा. काका त्यावर त्याला रोज ‘यल्ला, ग्लास पूस’ एवढंच सांगायचे; यल्ला म्हणजे अरबीत ‘चल’.

त्यांच्या वहीत दोनशेच्या वर वाइन होत्या आणि सगळ्या अशाच लिहिलेल्या. एका पांढऱ्या वाइनपुढे होतं, ‘लिंबाची साल, आणि भरतीच्या आधीचा बीच.’ शेरी नावाची वाइन दक्षिण स्पेनमध्ये होते. तिच्यापुढे ‘भिजवलेल्या बदामाची साल. आंबलेलं पीठ.’ खराब झालेल्या बाटलीला त्यांचा एकच शब्द होता, गोणपाट. बाटली उघडली की कॉर्क नाकाजवळून न्यायचे, आणि एखाद्या वेळी न बोलता ती बाटली मागे ठेवून दुसरी आणायचे. एकदा जनाबियाहून येणाऱ्या एका नेहमीच्या पाहुण्यांनी अशी मागे ठेवलेली बाटली हट्टाने परत मागवली. महाग होती, आणि चव न घेता वेटरने ती खराब कशी ठरवली, असं त्यांचं म्हणणं. काकांनी ओतून दिली. पाहुण्यांनी घोट घेतला, थोडा वेळ ग्लासाकडे पाहिलं, आणि मग दुसऱ्या बाटलीकडे बोट केलं. माफी वगैरे कुणी मागितली नाही. काकांनाही ती नको होती.

मी बहरीनला जायच्या तीन वर्षं आधी हॉटेलने त्यांना आणि शेफना दहा दिवस स्पेनला पाठवलं होतं, नव्या वाइन निवडायला. शेफ इग्नासिओ तिकडचाच. त्या दहा दिवसांबद्दल काका सलग कधी बोलले नाहीत. ग्लास पुसताना एक तुकडा, नॅपकिन घडी करताना दुसरा. माझ्याकडे आता ते सगळे तुकडे आहेत, पण त्यांचा क्रम बरोबर असेलच असं नाही.

उत्तरेकडच्या एका गावातल्या गल्लीचं ते नेहमी सांगत. गल्लीत ओळीने छोटे बार, आणि प्रत्येकाचा एकच पदार्थ. एकाकडे फक्त मशरूम: तव्यावर लसणाच्या तेलात परतलेली तीन, एकावर एक रचून, वर कोळंबी, खाली पावाचा तुकडा. उभ्याने खायचं, बोटं नॅपकिनला पुसून नॅपकिन तिथेच जमिनीवर टाकायचा, आणि पुढच्या बारमध्ये जायचं. “ज्याच्या दुकानासमोर कचरा जास्त, तो चांगला,” ते म्हणायचे. लोक प्रत्येक ठिकाणी छोटासा ग्लास वाइन घ्यायचे. काका मोस्तो मागायचे. मोस्तो म्हणजे न आंबवलेला द्राक्षांचा रस. तिकडे तो सगळीकडे मिळतो, आणि त्यात ऑलिव्ह घालून वाइनच्याच तोऱ्यात देतात. कुणी विचारत नाही. हे त्यांना फार आवडलं होतं. आपल्याकडे पीत नाही म्हटलं की लोक कारण विचारतात, तिथे ऑलिव्ह घालून देतात, असं ते म्हणाले होते.

मिरच्यांचीही एक गोष्ट होती. तेलात परतून वर खडे मीठ घातलेल्या छोट्या हिरव्या मिरच्यांची बशी आली. शेफने सांगितलं की शंभरात एखादी भयंकर तिखट निघते, सांभाळून. सगळं टेबल काकांच्या तोंडाकडे पाहत बसलं. काकांनी एकट्याने बशी संपवली आणि विचारलं, ती तिखटवाली कधी येणार?

पण ते खरे रमत शेरीच्या कोठाराबद्दल बोलताना. त्यांनी सांगितलं होतं की ते कोठार एखाद्या सभागृहाएवढं उंच, आत अंधार आणि गारवा, जमिनीवर ओली पिवळी माती, आणि काळ्या पिंपांच्या रांगा. मालकीण सत्तरीची बाई. तिने पाहिलं की हा माणूस प्रत्येक ग्लास हुंगतो, शेफशी बोलतो, लिहून घेतो आणि ग्लास तसाच खाली ठेवतो. तिने शेफला कारण विचारलं. काकांनी पाच बोटं दाखवून पंचशील समजावलं. हिंसा नाही, चोरी नाही, असं एकेक बोट मिटत पाचव्याला ते तिच्या पिंपाकडे पाहून थांबले. ती हसली नाही की रागावली नाही. आतून एक स्टूल आणून तिने दोन पिंपांच्या मधे ठेवलं आणि यांना बस म्हणाली. बाकीच्यांना घेऊन ती बाहेर गेली.

“अर्धा तास बसलो,” काका म्हणाले. “नुसता श्वास घेत. अवं, पिंपातून ते हवेत येत राह्यते ना. बाहेर आलो तं डोकं हलकं. मंग मी घाबरलो. शेफले इचारलं, श्वासानं चढते का?”

शेफने शपथेवर सांगितलं की चढत नाही, तेव्हा त्यांनी जेवण केलं. तरी त्या रात्री त्यांनी वंदना दोनदा म्हटली.

स्पेनहून त्यांनी एक सवय आणली होती. आमचं स्टाफचं जेवण संध्याकाळी पाचला असे, आणि ताट रिकामं झालं की सगळे उठून पळत. काकांच्या टेबलावर ते चालत नसे. तिकडे जेवण झाल्यावर तास तास गप्पा मारत बसतात. आपल्याला तास नाही, पण दहा मिनिटं आहेत, असं ते म्हणत. “ताट संपलं म्हंजे जेवण संपलं नाही. बस.” सुरुवातीला मला त्या दहा मिनिटांत काय बोलावं कळायचं नाही. बिनॉय भरपूर बोलायचा. काका ऐकत बसायचे.

एप्रिलमध्ये त्यांनी मला जयंतीच्या कार्यक्रमाला नेलं. ईसा टाउनमधला एक हॉल, शुक्रवारची सुट्टी, महाराष्ट्रातली शंभरेक माणसं. बहुतेक जण कंपन्यांतले टेक्निशियन, ऑफिसातले, काही इंजिनियर. पोरं एकमेकांशी इंग्रजीत बोलत होती आणि स्टेजवर मराठीत भाषणं म्हणत होती. प्रत्येक जण घरून एक पदार्थ आणतो. काकांनी शेफच्या परवानगीने पंधरा लिटर गाझपाचो केलं होतं. टोमॅटो, काकडी, लसूण, पाव, ऑलिव्ह तेल एकत्र वाटून केलेलं स्पेनचं थंड सूप. बर्फात ठेवून, हॉटेलच्या व्हॅनमधून, मांडीला टेकवून आणलं. हॉलच्या स्वयंपाकघरात देऊन ते खुर्च्या मांडायला गेले.

जेवणाच्या वेळी आम्ही पाहिलं तर पातेलं गॅसवर होतं. आतल्या बायकांना वाटलं, वानखेडे भाऊंनी सार आणलंय पण गरम करायचं आणि फोडणी द्यायची राहून गेली. त्यांनी मोहरी, जिरं, कढीपत्ता घातला होता, आणि गुळाचा एक खडाही. एक ताई मला म्हणाल्या, पुरुषमाणसाने केलेलं, पण चव जमवली आहे हो, फक्त वेळेवर फोडणी पडायला हवी होती. मी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. ते वाटी घेऊन भातावर ओतत होते. चांगलं झालंय, म्हणाले, आणि दुसऱ्यांदा घेतलं.

त्याच दिवशी आणखी एक प्रसंग झाला. जेवताना समोरच्या रांगेतले एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “वानखेडे, आठवडाभर लोकांना पाजता आणि इथं येऊन पंचशील म्हणता. जमतं बुवा तुम्हाला.” आसपासचे थोडे हसले. काका ‘हो’ एवढंच म्हणाले आणि पोळ्यांचं ताट पुढे सरकवलं.

परतताना व्हॅनमध्ये मी काही विचारलं नव्हतं, पण तेच बोलले. त्या माणसाचं बरोबर आहे, विकण्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, म्हणाले. एकोणिसाव्या वर्षी गावात भंतेजींसमोर त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी एकाच दिवशी शील घेतलं होतं. वडिलांनी आठ दिवसांत मोडलं. “मी मोडलं नाही, एवढंच हाय माह्याकडं,” ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मे महिन्यात रॉड्रिक्स सरांनी सगळ्यांना बोलावलं. कंपनीचा नवा नियम आला होता. प्रत्येक रेस्तराँमध्ये वाइनचा जो प्रमुख असेल, त्याच्याकडे प्रमाणपत्र पाहिजे. परीक्षा हॉटेलातच होणार, बाहेरून परीक्षक येणार. जो पास होईल तो प्रमुख राहील, आणि सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणीच्या वेळी शेफबरोबर स्पेनला जाईल. लेखी परीक्षेची काकांना काळजी नव्हती. पण पुढे सहा वाइन चाखायच्या होत्या.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी काकांना बाजूला घेऊन समजावलं, मी तिथेच काचा पुसत होते. परीक्षेत घोट गिळत नाहीतच, तोंडात फिरवून बादलीत थुंकतात, जगभर तीच पद्धत आहे.

“वानखेडे, निगलना थोड़ी है. थूकना है. फिर तेरा व्रत कहाँ टूटता है?”

काकांनी विचार करून सांगतो म्हटलं.

पुढचे तीन आठवडे सगळ्यांनी त्यांना हेच सांगितलं. शेफने सांगितलं. बिनॉयने टिंगल बंद केली आणि खरोखर विनवणी केली, कारण काका गेले तर कोण येईल याची त्याला धास्ती होती. एका पाचच्या जेवणानंतर, त्या दहा मिनिटांत, त्याने पाण्याने चूळ भरून बेसिनमध्ये टाकून दाखवली. बस इतकंच, खलास, म्हणाला. काकांनी फोनवर घरीही विचारलं होतं. काकूंनी सांगितलं, तुमचं शील आहे, तुम्हीच बघा. मलाही वाटत होतं की त्यांनी थुंकावं. मी तसं एकदा म्हटलंही, अडखळत. स्पेनला परत जायला मिळेल, ते कोठार, त्या बाई.

ते रागावले नाहीत. म्हणाले, “गिळलं का थुकलं, हे मी आज मोजलं, तं उद्या दुसरं काही मोजीन.”

परीक्षेला एक जागा रिकामी होती म्हणून सरांनी मला बसायला सांगितलं. माझी तयारी नव्हती असं नाही, पण आजवर मीही फक्त हुंगलं होतं, आणि आमच्या घरी हे कळलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत होतं. मी काकांना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, तू काही शील घेतलंयस का? मी नाही म्हटलं. “मंग तुह्यावर माहं बंधन काहून? बस परीक्षेले. आन् थुकजो बराबर, पेपरावर नको थुकू.”

परीक्षा सकाळी, बंद रेस्तराँमध्ये. आम्ही पाच जण, प्रत्येकापुढे सहा ग्लास आणि एक स्टीलची बादली. कागदावर प्रत्येक वाइनचे तीन भाग: रंग, वास, चव. मी माझ्या कागदात बुडाले होते, त्यामुळे सगळं पाहिलं नाही. पण मधेच बाजूच्या टेबलाकडे नजर गेली. काकांची बादली कोरडी होती. कागद मात्र जवळजवळ भरलेला. सहाही वाइनचा रंग, वास, द्राक्ष, गाव. फक्त चवीचे सहा चौकोन रिकामे.

परीक्षक बाईंनी तो कागद दोनदा वाचला. सहाही वाइन बरोबर होत्या. त्या सरांना हळू आवाजात म्हणाल्या की नुसत्या वासावर सहाच्या सहा ओळखणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता, पण चवीच्या भागात वेगळं पास व्हावं लागतं. मग त्या काकांकडे वळल्या आणि एक तरी घोट घ्या, मी थांबते, असं म्हणाल्या. आवाजात आर्जव होतं.

काकांनी चौथा ग्लास उचलला. तो हनुवटीपर्यंत आला. मी लिहायचं थांबले. सर दाराशी उभे होते, तेही थांबले. काकांनी डोळे मिटून परत एकदा वास घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

“सॉरी मॅडम,” ते म्हणाले. “मुझे इतना ही आता है.”

आमच्यातले तीन जण पास झाले. त्यात मी होते. किल्ल्या दुसऱ्या रेस्तराँमधून आलेल्या एका मुलाकडे गेल्या. तो हुशार होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. काकांची बदली सकाळच्या नाश्त्याच्या काउंटरवर झाली. ड्यूटी पहाटे साडेपाचपासून. त्यांनी किल्ल्यांबरोबर कपाटातल्या बाटल्यांची यादी दिली, कोणत्या बाटल्या लवकर विकाव्यात ते सांगितलं, आणि वही खिशातच ठेवली. सप्टेंबरला स्पेनला कोण जाणार, हा विषय त्यांच्यासमोर कुणी काढला नाही.

मी निघाले त्या सकाळी विमानतळाची गाडी सातला होती. निरोप घ्यायला नाश्त्याच्या काउंटरवर गेले. काका पांढऱ्या टोपीत एकदम उंच दिसत होते. भाजलेल्या पावाच्या तुकड्यांवर लसूण घासत होते, मग अर्धा टोमॅटो, मग तेल, मीठ. स्पेनचा नाश्ता, आपल्या काउंटरवर त्यांनीच सुरू करवला होता. एक तुकडा त्यांनी माझ्यासाठी कागदात बांधला. मी पाया पडायला वाकले तर हात मधेच धरला. नोकरीबद्दल, शेवटच्या वर्षाबद्दल विचारलं. मग आजूबाजूला पाहिलं. पाहुणे अजून आले नव्हते.

“चौथी,” ते म्हणाले. “परीक्षेतली. तोंडात गेल्यावर कशी लागते?”

परीक्षेत मी ‘मध्यम टॅनिन, लांब शेवट’ असं लिहिलं होतं आणि त्याला गुण मिळाले होते. ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. मी डोळे मिटले.

“आधी आंबट,” मी म्हटलं. “बोराएवढं. जिभेच्या दोन्ही बाजूंना पाणी सुटतं. मग अर्धवट पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर आखडते ना, तशी जीभ आखडते. हिरड्यासुद्धा. मग ते जातं, आणि शेवटी खोबरं राहतं.”

“किती वेळ राह्यते?”

“थुंकल्यावरही राहतं. आपण आत्ता बोलतोय एवढा वेळ.”

काका हातात टोमॅटो धरून ऐकत होते. त्यांची जीभ तोंडात हळूच एका बाजूने दुसरीकडे गेली, गाल थोडे आत ओढले गेले. मग त्यांनी रिकामा घोट गिळला.

“हं,” ते म्हणाले.

दारातून पहिले पाहुणे आत आले, एक नवरा-बायको आणि झोपेत चालणारी लहान मुलगी. काकांनी त्यांना गुड मॉर्निंग म्हटलं आणि पावाचा पुढचा तुकडा उचलला.